घरांचा हेडी

गेनबा पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा ते घरात आलेच नाहीत. मी चहाचं आधण ठेवून दारात उभी, आणि हे गृहस्थ हात पाठीमागं बांधून, एक पाय ओढत घराला बाहेरून फेऱ्या घालताहेत. मागच्या भिंतीपाशी थांबले, भिंतीवर थाप मारली, कान लावला. पुन्हा एक फेरी. मग पुढच्या दाराशी येऊन उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मास्तरीणबाई, खोड काय?"

"कसली खोड?"

"घराची. इकायला काडलंय म्हंजे काय तरी आसंलच की. दुभती म्हस कुनी बाजारात आनतं व्हय?"

"घराला काही खोड नाही. आम्हालाच गावी जायचंय."

"मानसाला जायाचंय ती मानसाची खोड. म्या घराची इचारतोय."

चहा उकळून खाली सांडला तो त्यामुळेच.

गेनबा हेडी होते. हेडी म्हणजे गुरांचा दलाल. हिर्डोशीच्या वरच्या अंगाला एका वाडीवर त्यांचा जन्म, पण सगळं आयुष्य भोरच्या बाजारात गेलं. बैल, म्हशी, खोंडं यांचे सौदे जुळवण्यात त्यांचा हात धरणारा माणूस त्या भागात नव्हता. पुढं एका खोंडानं त्यांच्या गुडघ्यावर लाथ घातली. हाडवैद्यानं हाड बसवलं ते वाकडंच बसवलं. गावोगावचे बाजार पायी करणं संपलं. दुसरा कोणी ओटीवर बसून नशिबाला बोल लावत राहिला असता. गेनबांनी घरांची दलाली सुरू केली. "घर लाथ मारत न्हाई, पळत न्हाई, वैरन मागत न्हाई," ते सांगत. "आन् गिऱ्हाईकच चालत येतं. लंगड्याला ह्याच्यापरीस बरा धंदा कुठं?"

धंदा बदलला तरी भाषा त्यांनी बदलली नाही. नवं बांधलेलं घर म्हणजे 'दोन दाती'. जुनं पण धडधाकट घर म्हणजे 'जुळलेलं'. भिंत खचत असली तर ते घर 'बशं', काम करता करता मधेच खाली बसणाऱ्या बैलासारखं. शेजारी भांडखोर असले तर घर 'मारकं'. आमच्या घराला त्यांनी दोन फेऱ्यांतच पदवी दिली होती, "जुळलंय. गरीब हाय. पोरंसोरं बी हाकतील."

आमचं घर भोरात नीरेच्या अंगाला होतं. ओटी, माजघर, त्यामागं एक मधली खोली, स्वयंपाकघर, परसात आड. माझे यजमान संस्थानच्या शाळेत शिक्षक होते. सारं गाव त्यांना मास्तर म्हणे, म्हणून मीही मास्तरच म्हणायची. त्यांना पेन्शन झाली, मुलगी सासरी गेली, आणि मला त्या घरात नुसतं बसून राहणं जड व्हायला लागलं. माझं माहेर मार्गासनीचं. माहेरच्या शेजारी एक शेत होतं, विहिरीचं, बांधावर फणस असलेलं, शेतातच लहानसं घर. त्याचे मालक म्हातारे होते आणि मुलाकडे मुंबईला निघाले होते. मी लहानपणी त्या विहिरीवर पोहायला शिकले होते. म्हाताऱ्यांनी शब्द दिला की दसऱ्यापर्यंत दुसऱ्या कुणाला देणार नाही. दसरा उलटला की मात्र नसरापूरचा एक व्यापारी टपलेलाच होता. तेव्हा भोरचं घर दसऱ्याच्या आत विकलं जायला हवं होतं. घर मास्तरांच्या नावावर होतं, पण चालवत मी होते, त्यामुळं विकायचंही मलाच होतं.

खरं तर पहिल्यांदा आमचे बंडूभाऊजी पुढं झाले होते. मास्तरांचे चुलतभाऊ, एका वकिलाकडे कारकून. डोक्याला काळी टोपी, हातात काठी, आणि बोलताना काठीनं भिंतीवर टकटक करायची सवय. त्यांनी घराची अशी काही तारीफ केली, की ती ऐकून ते मलाच विकत घ्यावंसं वाटलं. "वहिनी, असं कोरडं ठणठणीत घर नदीच्या अंगाला सापडायचं नाही," असं म्हणाले. आता ते घर कोरडं नव्हतं. मधल्या खोलीत आषाढ लागला की जमिनीतून पाणी उमळायचं, आणि हे भाऊजींना चांगलं ठाऊक होतं. एका नागपंचमीला ओल्या पाटावर बसून त्यांनीच बोंब मारली होती.

त्या दिवशी मी मास्तरांना सांगितलं, "जो मला माझ्याच घराबद्दल खोटं सांगतो, तो गिऱ्हाइकाबद्दल काय सांगेल?"

"पण घरचा माणूस आहे," मास्तर म्हणाले.

"म्हणूनच. भांडता येणार नाही."

मग शेजारच्या गवळणीनं गेनबांचं नाव सुचवलं. मास्तर हसले. "गुरांचा दलाल? घर काय म्हैस आहे?" मी म्हटलं, बघू तरी. आणि गेनबांनी दारात उभं राहून खोड विचारली. चहाचं पातेलं खाली उतरवून मी पुन्हा बाहेर आले आणि सरळ सांगून टाकलं, "मधल्या खोलीत पावसाळ्यात पाणी उमळतं."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "हां! आता घर इकल," म्हणाले. आणि मग उंबरा ओलांडून आत आले.

हे त्यांचं व्रतच होतं, मला पुढं कळलं. खोड विचारायची ती उंबऱ्याबाहेर आणि सांगायची तीही बाहेरच. घरात पाय टाकल्यावर घराबद्दल वाईट अक्षर काढायचं नाही. का, असं मी विचारलं तर म्हणाले, "त्येला ऐकू जातं."

"घराला?"

"जनावराला तर जातं. घराचं मला ठावं न्हाई. पन कशाला इषाची परीक्षा?"

गिऱ्हाईक आणायचं मात्र ते नाव काढीनात. ज्येष्ठ सरत आला तरी नाही. मी दोनदा निरोप धाडला. तिसऱ्यांदा स्वतःच त्यांच्या घरी गेले. गावाबाहेर हिर्डोशीच्या रस्त्याला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. पुढं पडवी, आणि पडवीच्या अगदी मधोमध खुंट्याला एक पांढरा थोराड बैल बसलेला. घरात जायचं तर त्या बैलाला वळसा घालून जावं लागे.

"पाऊस लागू द्या," गेनबा म्हणाले. "उनाळ्यात काय, गोठाबी वाड्यावानी दिसतो. बैल इकायचा तर नांगराला जुपून दावायचा, दावनीला बांदून न्हाई. पानी फुटू द्या, मग गिऱ्हाईक आनतो."

"पाणी बघून गिऱ्हाईक पळून जाईल."

"जाऊ द्या की. पळनारं आदीच पळालं तर आपला चा वाचला."

मी चिडून बैलाकडे बघितलं. तो रवंथ करत होता. विषय बदलायचा म्हणून विचारलं, "शेती तर नाही तुमची. मग हा कशाला?"

त्यावर त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच तोंडून ऐकायला हवं होतं. हा बैल त्यांनी भोंगवलीच्या एका शेतकऱ्याला विकला होता. दिसायला देखणा, चालीला चांगला, पण बशा. मन आलं की भर रस्त्यात बसायचा. गेनबांना ते ठाऊक होतं आणि सौद्यात त्यांनी ते गिळलं. शेतकरी गाडी जुंपून नदीच्या उतारातून निघाला, आणि बैल पाण्यातच बसला. गाडीत शेतकऱ्याची म्हातारी आई होती. पाणी फार नव्हतं, गुडघाभर, पण म्हातारी भिजली, गुळाच्या ढेपा विरघळल्या. पुढच्या बाजारी तो शेतकरी आला. ना शिव्या दिल्या, ना पंचायत बसवली. बैल गेनबांच्या पडवीत आणून बांधला आणि एवढंच म्हणाला, "गेनबा, तुमचा पावना आनलाय." आणि चालता झाला.

"भांडला आसता तर म्या बी भांडलो आसतो," गेनबा म्हणाले. "हेड्याला भांडाया लाज न्हाई. पन त्यो पावना म्हनला. आता पावन्याला घालवून कसं द्यायाचं?"

"नाव काय ठेवलंय?"

"सावकार. बसून खातो ना."

आणि ते असे हसले की सावकारानंही रवंथ थांबवून मान वळवली. बैल परत आला त्या दिवसापासून, म्हणजे मला भेटायच्या पुष्कळ आधीपासून, त्यांचा खाक्या होता: खोड आधी, भाव मागून.

आषाढ लागला. मधल्या खोलीत शेणानं सारवलेली जमीन आधी काळसर झाली, मग तिला घाम फुटावा तसं पाणी आलं. मी पोतेरं घेतलं की गेनबा उंबऱ्याबाहेरून खुणा करत, राहू द्या, पुसू नका म्हणून. गिऱ्हाइकं यायला लागली. गेनबा त्यांना रस्त्यावरच सांगत, "मधल्या खोलीत पानी हाय बरं का," आणि त्यातली बरीचशी रस्त्यावरूनच परत जात. काही नुसती पाणी बघायला येत. आमच्या घरातलं पाणी आळीला कौतुकाचा विषय झालं.

श्रावणात भोंगवलीकडचे एक बागाईतदार आले. मुलं भोरला शिकायला ठेवायची होती, म्हणून घर हवं होतं. पाणी पाहून म्हणाले, "ह्या खोलीत लाकडं टाकू." मला वाटलं, झालं आता काम. राहिला भाव.

भाव ठरवायची गेनबांची रीत बाजारातलीच होती. दोघांनी हातात हात द्यायचे, वर उपरणं टाकायचं, आणि आत बोटं दाबून बोलायचं. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळी मूठ म्हणजे पाच. मान्य असेल तर दाबून धरायचं, नसेल तर सोडायचं. हात बाहेर ओढला तर सौदा मोडला. बघणारे कितीही असोत, तोंडातून आकडा निघत नाही. "आळीला भाव कळला की सौदा आळीच करती," असं त्यांचं म्हणणं. त्यांनी ही विद्या मास्तरांना आमच्या ओटीवर शिकवली होती, स्वतःच्याच डाव्या हातावर करून दाखवत. मी तिथंच तांदूळ निवडत होते. मास्तरांनी तीन वेळा चुकून विचारलं. मला एकदाच पुरलं.

तर बागाईतदार आणि मास्तर समोरासमोर बसले. आळीतली पाचसहा माणसं ओटीवर. गेनबांनी उपरणं टाकलं. मी दाराआडून बघत होते. बागाईतदारांनी आत काहीतरी केलं, आणि मास्तर खुदकन हसले.

बागाईतदारांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी पुन्हा बोटं धरली असावीत. मास्तर ओठ दाबून लालबुंद झाले, आणि मग खो खो हसत त्यांनी हात बाहेर ओढून घेतला.

मास्तरांना गुदगुल्या फार होत. हे त्यांच्या बायकोला ठाऊक होतं, शाळेतल्या पोरांना ठाऊक होतं. सौद्याच्या वेळी ते कुणाच्या लक्षात यावं?

"हसता व्हय?" बागाईतदार उठलेच. "माझा भाव तुमाला हसन्यावारी वाटला?"

"नाही हो, नाही... ते बोट..." मास्तरांना बोलताही येईना.

"मास्तर आसाल तुमच्या घरी!" असं म्हणून ते मास्तरांच्याच घरातून पायताणं घालून निघून गेले. गेनबा लंगडत त्यांच्या मागं चौकापर्यंत गेले आणि एकटेच परत आले. मला वाटलं होतं आता मास्तरांना बोलतील. ते ओटीवर बसले आणि मास्तरांकडे वळून म्हणाले, "गुरुजी, लई बाजार बघितलं. पन गुदगुल्यानं मोडलेला सौदा ह्यो पयलाच."

सगळी ओटी हसली. मीच तेवढी हसले नाही. मार्गासनीहून माझ्या भावाचा निरोप आला होता, की नसरापूरचा व्यापारी शेत पुन्हा एकदा पाहून गेला, बांध मोजून गेला.

भाद्रपदात बंडूभाऊजी आले. त्यांच्याकडे पुण्याचं एक गिऱ्हाईक होतं, पेन्शनीत निघालेले अधिकारी. हवापालट म्हणून भोरला राहायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते. "वहिनी, तुमच्या त्या हेड्याला चार महिने दिलेत. मला एक सकाळ द्या. फक्त मधल्या खोलीत काहीतरी अंथरा." मी माझ्या लग्नातली जाड सतरंजी काढून दिली. दसरा तोंडावर आला होता आणि मला ते शेत हवं होतं. सतरंजी अंथरल्यावर खोली दिवाणखान्यासारखी दिसायला लागली, हेही खरं.

अधिकारी आले, बोलायला सभ्य होते. भाऊजी काठीनं भिंतीवर टकटक करत एकेक खोली दाखवत होते. मधल्या खोलीत सगळे उभे, आणि नेमके तेव्हाच गेनबा दारात. आळीतल्या कुणीतरी सांगितलं असणार. ते आत आले, सगळ्यांना रामराम केला. सतरंजीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी भिंतीकडे बघितलं.

आता घरात उभं राहून घराची खोड काढणं त्यांच्या व्रतात बसत नव्हतं. "पाय लई दुकतो," एवढंच म्हणाले आणि सतरंजीच्या मधोमध धपकन बसले. तंबाखू मळली. अधिकाऱ्यांना पुण्याचं पाऊसपाणी विचारलं, मुलं किती, कुठं असतात, सगळं विचारलं. चांगली तंबाखूची चंची संपेपर्यंत बसले. मग भिंतीला धरून उठले आणि सगळ्यांकडे पाठ करून दाराकडे चालायला लागले. धोतराची मागची बाजू पार ओली, चिखलाच्या रंगाची.

अधिकाऱ्यांनी ती पाहिली, सतरंजी पाहिली, मग बुटाच्या टाचेनं सतरंजी दाबून बघितली. पचक असा आवाज आला.

ते गेल्यावर भाऊजींनी काठी आपटली आणि माझ्यावरच रागावून गेले. मी परसात गेनबांना गाठलं. ते आडापाशी धोतराचा सोगा पिळत होते.

"तुम्ही मुद्दाम बसलात."

"पाय दुकत हुता."

"दसऱ्याला किती दिवस राहिलेत? ते शेत गेलं तर तुम्ही देणार आहात मला दुसरं? उद्यापासून या घराची पायरी चढू नका."

"बरं," म्हणाले. राग नाही, लोभ नाही. सोगा पिळून झाला आणि निघाले. फाटकाशी वळून एवढंच म्हणाले, "सतरंजी उनात टाका. कुजल."

दुसऱ्या दिवशी मी सतरंजी वाळत घालत होते तर रस्त्यावर गेनबा. फाटकाच्या बाहेर, पायरीपासून चांगले लांब. त्यांच्याबरोबर बाजारातली अमीनाबी तांबोळीण. तिला मी वर्षानुवर्षं ओळखत होते, पानं तिच्याकडचीच घेत होते. काळी सावळी, धिप्पाड, आवाज असा की बाजाराच्या एका टोकाला बोलली तर दुसऱ्या टोकाला भाव कळावा.

"म्या न्हाई आलो," गेनबा लांबूनच म्हणाले. "ह्या आल्यात. म्या निसती वाट दावली."

अमीनाबी सरळ आत आली ती मधल्या खोलीत गेली. खाली बसली, तळवा जमिनीला टेकवला. मग भिंतीला लावला, मग स्वतःच्या गालाला.

"मास्तरीणबाई, चैतात बी गार आसती का हो ही खोली?"

"माठासारखी. मी उन्हाळ्यात दूध इथंच ठेवते."

"या अल्ला!" तिनं गालावरचा हात काढलाच नाही. "आवं, उनाळ्यात माजी निम्मी पानं पिवळी पडून फेकावी लागत्यात. वली फडकी टाकून टाकून हात सडलं माजं. ह्यो गेनबा सगळ्या बाजारात वरडत फिरतोय, मास्तराच्या घरात पानी हाय, मास्तराच्या घरात पानी हाय. लोकं हसत्यात. म्या काल म्हनलं, आरं मुडद्या, मला आदी न्हाई का सांगायचं!"

"पावसाळ्यात फार ओल येते बरं," मी म्हटलं. एवढ्या महिन्यांत मलाही सवय लागली होती.

"पावसाळ्यात माळ्यावर ठिवीन. माजं मरान उनाळ्यात हाय."

राहिला भाव. मास्तर ओटीवर आले तसे गेनबा फाटकाबाहेरून ओरडले, "गुरुजी, तुमी नगं!" मास्तर निमूट आत गेले. मी अमीनाबीकडे बघितलं, तिनं माझ्याकडे. "येतंय का तुमाला?" तिनं विचारलं. मी हात पुढं केला. तिनं आपला पदर आमच्या हातांवर टाकला. आम्ही दोघी त्या ओल्या खोलीतच उकिडव्या बसलो होतो.

तिची बोटं पानांच्या पाण्यानं सुरकुतलेली, पण पकड अशी की चिमटाच. तिनं धरली तेवढी बोटं मी सोडली. तिनं आणखी एक धरलं. मी मान हलवली नाही, नुसती मूठ दिली. "लई खरखरीत हात तुमचा," ती म्हणाली, "म्या म्हनलं मास्तराची बायकू मऊ आसंल." मग बराच वेळ आमचं बोलणं बोटांनीच झालं. शेवटी तिनं जे धरलं ते मी दाबून धरलं, आणि दोघीही एकदम हसलो. किती ठरलं ते मी इथं लिहिणार नाही. पदराखालचं पदराखाली.

बाहेर आलो तर गेनबा रस्त्याकडे तोंड करून उभे होते.

"झालं?"

"झालं. या आता आत. पण आकडा मी सांगणार नाही. दलाली कशावर घ्याल?"

"तुमच्या तोंडावर," ते न वळता म्हणाले. "वळलो की दिसंलच." वळले, माझं तोंड बघितलं, आणि समाधानानं मान हलवली. मी दिली ती दलाली त्यांनी न मोजता कनवटीला लावली.

आम्ही सामान हलवलं त्या सकाळी ते पुन्हा आले. गाड्या भरून झाल्या होत्या. मला बाजूला घेऊन म्हणाले, "दावं घेतलं का?"

जनावर विकतात, पण त्याचं दावं विकत नाहीत. गळ्यातली दोरी सोडून ठेवून घेतात. घेणारानं आपली आणायची. दावं दिलं तर गोठ्याची बरकत त्याच्यासंगं जाते, असं मानतात. मी म्हटलं, "गेनबा, घराला कुठं दावं असतं?"

"आसतंय. तुमीच बगा कुठलं ते."

मला अशा गोष्टी पटत नाहीत. पण आडावरचा पोहऱ्याचा दोर मी नुकताच नवा आणला होता, चांगला काथ्याचा, आणि तो तिथं सोडायचं जिवावर आलंच होतं. तो सोडून गाडीत टाकला. अमीनाबी म्हणाली, "आता ग बया, पानी कशानं काडू?" त्यावर गेनबा म्हणाले, "ज्याचं जनावर त्याचं दावं. तुजं तू आन." ती तशीच दोर आणायला बाजारात गेली.

दसऱ्याच्या आत आम्ही मार्गासनीला राहायला आलो. मास्तर भाताच्या बांधावर छत्री घेऊन फिरायला शिकले. मी दोन म्हशी घेतल्या, दोन्ही गेनबांनी बघून दिलेल्या, आणि त्यातल्या एकीची खोड त्यांनी रस्त्यातच सांगितली होती: धार काढताना कुणी गाणं म्हटलं तर ती दूध चोरते. मास्तरांना तेव्हापासून गोठ्यात अभंग म्हणायची बंदी झाली.

काही वर्षांनी, दिवाळी झाल्यावर, गेनबा एका भाताच्या गाडीतून मार्गासनीला उतरले. चांगलेच वाकले होते. आल्या आल्या आमच्या घराला दोन फेऱ्या घातल्या, भिंतीवर थाप मारली. मग उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "मास्तरीणबाई, एक घर इकायचंय. म्हनलं तुमालाच सांगावं."

"मी काय दलाल आहे?"

"माजंच घर हाय. सावकार गेला. लेक म्हनती हिर्डोशीला ये. आपलं घर आपुन इकू नये. आपल्या जनावराची खोड आपल्याला दिसत न्हाई."

"भोरात दलाल कमी आहेत का?"

"हायेत की. समदे माजं घर चांगलं म्हनत्यात."

मी दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर भोरला गेले. घराला दोन फेऱ्या घातल्या. भिंतीवर थाप मारली, हसू आलं तरी मारली. मग उंबऱ्याबाहेर उभी राहिले आणि विचारलं, "गेनबा, खोड काय?"

त्यांनी पडवीकडे बोट दाखवलं. मधोमध सावकाराचा खुंटा तसाच होता. जाणारायेणाराची ठेच हमखास. खुंट्याला जुनं दावं गुंडाळलेलं.

"उपटून टाका मग."

"लई बगितलं. निगत न्हाई."

ते पाणी आणायला गेले तेव्हा मी खुंट्याला पाय लावून बघितला. चांगला ढिला होता. एका हातानं निघाला असता. मी परत नीट उभा करून ठेवला.

मग मी भोरच्या बाजारात सांगत फिरले, की गेनबांच्या घरात पडवीच्या मधोमध खुंटा आहे आणि तो निघत नाही. लोक हसले. अमीनाबीनंही हातभार लावला, पानं विकता विकता तीही ओरडायची. तिसऱ्या बाजाराला एक विधवा गवळण आली. तिची एकुलती एक गाय होती आणि ती बाहेर बांधायला तिचा जीव धजत नव्हता, बिबट्या येतो म्हणून. तिनं पडवी बघितली, खुंटा बघितला, आणि म्हणाली, "एवढाच पायजे मला. बाकी घर लहान आसलं तरी चालंल." तिच्याशीही सौदा मी पदराखालीच केला. गेनबा रस्त्याकडे तोंड करून उभे होते.

ते हिर्डोशीला निघाले त्या दिवशी मी मुद्दाम भोरला थांबले होते. जावई गाडी घेऊन आला होता. सामान फारसं नव्हतं. गेनबांनी खुंट्याचं दावं सोडलं आणि हातात घेतलं. जावई म्हणाला, "मामा, गाडीत बसा." ते नको म्हणाले, पाय मोकळा करतो म्हणाले. माझ्याकडे वळून, "येतो मास्तरीणबाई. गुरुजींना सांगा, आता गुदगुल्या हुईत न्हाई आसा हात गावला तर मला कळवा."

गाडी पुढं निघाली. गेनबा तिच्या मागून लंगडत चालले होते, दाव्याचं एक टोक हातात, दुसरं पाठीमागं धुळीत. पुढं गाडी होती, मागं काहीच नव्हतं. मी गवळणीच्या ताब्यात घर द्यायला वळणार, तेवढ्यात रस्त्याच्या वळणावर ते थांबले. मागं पाहिलं आणि दाव्याला हलकासा हिसका दिला, बसलेल्या जनावराला उठवतात तसा. मग चालायला लागले.